धाकटीची जीभ

कादवाकाठ वायनरीत चाखणी सकाळी अकराला होई. ही वेळ कालिंदीबाई बोरस्ते यांनी ठरवली होती, आणि एकवीस वर्षांत ती बदलायची कुणाची छाती झाली नव्हती. अकराला माणसाला भूक लागू लागते, पण तो वखवखलेला नसतो. सकाळच्या चहाची चव तोंडातून गेलेली असते आणि दुपारच्या जेवणाची अजून आलेली नसते. दिंडोरीत ऊन कितीही तापो, टेस्टिंग रूमचे पडदे ओढलेले असत आणि कुणी अत्तर लावून आलं तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं जाई. मालकसुद्धा एकदा बसले होते.

वायनरीची आणखी एक रीत होती. तिथली रेड वाइन चाखायची ती घरच्या जेवणाबरोबर. लोक बाटली घरी नेणार, घरच्या मटणाबरोबर पिणार, मग हॉटेलच्या आचाऱ्याला मध्ये कशाला घ्यायचं, असं कालिंदीबाईंचं सरळ म्हणणं. बाटलीच्या मागच्या लेबलवर त्या एकच ओळ लिहीत: ‘काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर’, किंवा ‘वांग्याच्या भरताबरोबर, मिरची कमी’. खाली त्यांची सही. नाशिकपासून धुळ्यापर्यंत अशी घरं होती की जिथे ती ओळ वाचून रविवारचा बेत ठरे.

ते घरचं जेवण यायचं कालिंदीबाईंच्याच घरून, आणि ते रांधायचे त्यांचे यजमान. विश्रामसर दिंडोरीच्या शाळेतून गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. कालिंदीबाईंच्या जिभेला चव होती, हाताला नव्हती. सरांच्या हाताला होती. ते स्वतः वाइन पीत नसत. निवृत्तीच्या दिवशी अर्धा ग्लास घेतला होता आणि ‘छान आहे’ म्हणून खाली ठेवला होता.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं.

रेड वाइनमध्ये टॅनिन असतं. ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, थोडं ओकच्या लाकडाच्या बॅरलमधून येतं. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड ओलं, बुळबुळीत राहतं. टॅनिन त्या प्रथिनांना धरतं, दोघांच्या गुठळ्या होतात आणि कच्ची सुपारी चघळल्यासारखी तोंडाला कोरड पडते. त्याआधी मटणाचा घास खाल्लेला असेल तर टॅनिनला धरायला मटणातली प्रथिनं आणि चरबी सापडते, आणि जीभ सुटते. रेड वाइनचं आणि मटणाचं जमतं ते एवढ्यासाठी. पण प्रत्येकाची लाळ वेगळी, आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं निम्म्याहून जास्त काम घशामागून नाकात चढणारा वास करतो. त्यामुळे दोन माणसांच्या तोंडात एकच वाइन कधी एक नसते.

बारा वर्षांपूर्वी, कालिंदीबाई शेहेचाळीस वर्षांच्या असताना, पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या माणसांनी त्यांच्या टाळूला कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ पट्टी चिकटवली. दोन हंगाम आणि सहाशे अकरा घोट त्या पट्टीने टिपून ठेवले. लाळ किती सुटली, गुठळ्या किती वेगाने झाल्या, कुठले वास नाकाकडे गेले आणि त्या क्षणी बाई काय बोलल्या. त्यावरून एक यंत्र तयार झालं. शिलाई मशिनच्या पेटीएवढी काचेची पेटी, आत बाईंच्या लाळेसारखी बनवलेली लाळ, वास ओळखणाऱ्या चकत्या आणि या सगळ्याचा अर्थ लावणारं गणित. वाइनचा थेंब टाकला की पेटी त्या वाइनबद्दल तेच म्हणे, जे कालिंदीबाई म्हणाल्या असत्या. म्हणे तेही बाईंच्याच शब्दांत.

वाइनचं तळघर, म्हणजे सेलर, सांभाळणाऱ्या कोंडाजींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव धाकटी बाई ठेवलं. “म्हणजे सवत आणलीत म्हणा की,” असं कालिंदीबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. धाकटीकडे रोजचं काम आलं: कुठली टाकी आंबली, कुठल्या बॅरलला बुरशीचा वास लागला, ते बघायचं. वर्षातून एकदा निघणारी राखीव शिराझ, त्याच नावाच्या द्राक्षांची रेड वाइन, मात्र तिला कधी दाखवली नव्हती. तो थोरल्या बाईंचा मान. शिवाय धाकटीला दात नव्हते, त्यामुळे जेवणाची जोडी तिला जुळवता येत नसे.

यंदा तिला दात आले. मालकांचे चिरंजीव यशोधन गडाख यांनी नवीन जोड मागवली होती. ती घास बावीस वेळा चावे, कारण कालिंदीबाई बावीस वेळा चावत. यंत्राची देखभाल निहारिका पगारकडे होती. रसायनशास्त्र शिकलेली, बोलायला मऊ, मोजायला कडक अशी ती मुलगी.

शुक्रवारी अकराला राखीवची चाखणी ठरली. मंगळवारी लेबलं छपाईला जायची होती. विश्रामसरांचा मटणाचा डबा आला, वाफ निघाली, आणि चार, नऊ आणि बारा नंबरच्या बॅरलमधली शिराझ ग्लासांत आली. कालिंदीबाईंनी घास खाल्ला, घोट घेतला, तोंडात फिरवला आणि शेजारच्या भांड्यात थुंकला. तीनदा असं झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“बारा. अंग भरलेलं आहे, ओकचा सूर सरळ लागतो. मटणाबरोबर मऊ होते. चार पोरकट आहे आणि नऊ नुसतीच सभ्य.”

“आता धाकटीला देऊ?” निहारिकाने विचारलं.

“दे की. दात आलेत तर चावू दे.”

पेटीने घास चावला, थेंब घेतले आणि पडद्यावर ओळी उमटल्या. ‘नऊ. जांभूळ, मिरी, शेवटी स्वच्छ. बारामध्ये लाकूडच लाकूड. कडू बाजू मिठाखाली दबली आहे. मटण खारट आहे. हा घास टाकून द्या.’

कोंडाजी खोकले. कालिंदीबाई हसल्या, कारण ‘हा घास टाकून द्या’ हे त्यांचंच जुनं वाक्य होतं, हाताखाली शिकणाऱ्या पोरांना रडवणारं.

“नवीन दात आहेत, बाई. बिघाड असेल,” असं म्हणून निहारिकाने मिठाचं मोजून केलेलं पाणी पेटीत घातलं. पेटीने बरोबर सांगितलं. मग तिने डब्यातला रस्सा मीटरवर तपासला आणि आकडा बघून पुन्हा एकदा तपासला.

“बोल,” बाई म्हणाल्या.

“घरगुती मटणात साधारण असतं त्याच्या जवळजवळ दुप्पट मीठ आहे.”

“तू खाऊन बघ आणि खरं सांग.”

निहारिकाने घास खाल्ला. “मीठ थोडं पुढे आहे.”

“थोडं?”

“पुष्कळ, बाई.”

कालिंदीबाईंनी कोंडाजींकडे पाहिलं. चाखणी संपली की उरलेल्या मटणावर सेलरच्या लोकांची पंगत बसे, त्यामुळे हे मटण त्यांच्याइतकं कुणीच खाल्लं नव्हतं.

“कधीपासून, कोंडाजी?”

“यंदाचा धरला तर तिसरा हंगाम असंल.”

“आणि कुणी बोललं नाही?”

“मास्तरांच्या हातचं, तुमच्या घरून आलेलं. त्याला आम्ही काय नावं ठेवणार? आम्हाला वाटलं, बोरस्त्यांकडं खारट खात असतील. आम्ही आपली एक भाकर जास्त घ्यायचो.”

यात काय काय आलं ते कालिंदीबाईंना लगेच कळलं, कारण हेच त्या एकवीस वर्षं इतरांना शिकवत आल्या होत्या. मीठ कडूपणा दाबतं आणि तुरटपणा बोथट करतं. खारट मटणाबरोबर उद्धट वाइनसुद्धा गरीब होऊन बसते. ज्याचं नाक मंदावलंय त्याला वाइनमधले बारीक सूर ऐकू येत नाहीत आणि ओकचा ढोल तेवढा ऐकू येतो. म्हणजे गेली दोन वर्षं त्यांनी ढोल निवडला होता, तो मिठाखाली झाकून चाखला होता, आणि सही करून लोकांच्या घरी पाठवला होता. गेल्या वर्षी नाशिकच्या एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, तुमची राखीव हल्ली रुक्ष लागते म्हणून. बाईंनी उत्तर पाठवलं होतं, मटण नीट शिजवा. ते उत्तर आठवून त्यांचे कान तापले.

यशोधन बातमी ऐकून आला. लहानपणी तो त्यांच्याच टेबलाखाली खेळलेला, म्हणून एकट्यात काकू म्हणे.

“काकू, यात एवढं काय आहे? नऊ नंबर भरू. सही तुमची, जीभ तुमची. फक्त बारा वर्षांपूर्वीची.”

“आणि मी काय करायचं?”

“अकराला यायचं, बसायचं. लोकांना तुम्ही हव्या आहात.”

“अजून किती वर्षं?”

“कितीही. धाकटी काही म्हातारी होत नाही.”

“मी मेल्यावरसुद्धा सही चालेल मग.”

त्याने तो विचार केलेला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो वाईट मुलगा नव्हता, पण बाईंना त्या घटकेला आपल्या सहीची भीती वाटली.

“मंगळवारी सांगते,” त्या म्हणाल्या.

घरी आल्या तेव्हा तीन वाजले होते. विश्रामसर ओट्यापाशी लसूण सोलत होते. कालिंदीबाई पर्स न ठेवताच स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी गॅसच्या मागचं झाकलेलं पातेलं उघडलं. त्याच्यामागे, मसाल्याच्या डब्यांच्या आड, आणखी एक लहान पातेलं होतं. त्यातही मटणच होतं. तीस वर्षांत त्यांनी या ओट्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं, कारण वाढायचं काम नेहमी सरांचं.

“अहो, हे काय आहे?”

सरांनी सुरी खाली ठेवली. “माझ्यापुरतं काढून ठेवतो. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय ना, ब्लडप्रेशरसाठी.”

“आणि मोठ्यातलं?”

“त्यात वरून घालतो.”

“किती?”

“तू गप्प खातेस तितकं.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन वर्षांपूर्वी कालिंदीबाईंना ताप आला होता आणि पंधरा दिवस कशालाच वास नव्हता. वास परत आला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. पुढे एकदा दूध नासलं, त्याचा वास ओटीवर आला, आणि बाई त्या पातेल्यापाशी चहाची वाट बघत उभ्या होत्या. त्या दिवशी सरांना कळलं. मग ‘आज अळणी झालंय’ सुरू झालं. सरांनी चिमूट वाढवली. बाईंचा चेहरा खुलला. पुढच्या महिन्यात आणखी एक चिमूट.

“आणि वायनरीत कुठलं पाठवायचात?”

“तुझ्या पातेल्यातलं. तिथे तुझं काही चुकू नये म्हणून.”

कालिंदीबाई खुर्चीवर बसल्या. त्यांना प्रचंड राग आला होता आणि रागाच्या खाली लाज होती. “तुम्ही आयुष्यात कुणाला ग्रेसचे मार्क दिले नाहीत म्हणून मिरवता. सभापतींच्या मुलाला नापास केलंत. मला मात्र तीन वर्षं ग्रेस देत बसलात.”

“त्या मुलाचं गणित सुटलं नाही तर त्याला दुसरं काही करता आलं असतं,” सर म्हणाले. “तुझं काय होतं दुसरं? मला भीती वाटली, कालिंदी. तू कोमेजशील अशी भीती वाटली. म्हणून मीठ घालत राहिलो.”

संध्याकाळी दोघांनी खिचडी खाल्ली. तिच्यात मीठ किती होतं हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

शनिवार मुक्यानेच गेला. रविवारी सकाळी कालिंदीबाई वायनरीत जाऊन नऊ आणि बारा नंबरचे नमुने घेऊन आल्या, आणि कपाटातून गेल्या वर्षीच्या राखीवची एक बाटली काढली. अकराला त्यांनी जेवणाच्या टेबलावर तीन ग्लास मांडले आणि त्यांच्या बुडाला त्याच क्रमाने अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावल्या.

“बसा. लहान पातेल्यातलं मटण घ्या. एक घास, एक घोट. गिळायचं नसेल तर या भांड्यात टाका.”

“मला यातलं काय कळतंय? मी तर पीतही नाही.”

“म्हणूनच बसा. तुमची जीभ धड आहे आणि मटण तुमचंच आहे. दहापैकी मार्क द्या. ग्रेस दिलात तर डबा यापुढे कोंडाजी करतील.”

सरांनी लेंग्याला हात पुसले आणि परीक्षकाच्या गांभीर्याने बसले. बाईंनीही समोर ताट घेतलं, त्याच लहान पातेल्यातलं. त्यांना ते पाणचट लागलं. काळ्या मसाल्याचा वास दूरवरून आल्यासारखा आला आणि गेला. त्यांनी अ ग्लासातला घोट घेतला. एक सभ्य आंबटपणा, थोडी ऊब, आणि पुढे काहीच नाही. तेव्हा त्यांनी घास बाजूला ठेवला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसल्या.

बघायला त्यांना येत होतं. वर्षानुवर्षं समोरच्या माणसाने घोट घेतला की त्याच्या गालावरून, गिळण्यावरून, ओठ मिटण्यावरून त्यांना कळत असे, तो काय बोलणार आणि काय लपवणार. सरांनी घास चावला, घोट घेतला, थांबले. भुवया सैल झाल्या. न सांगता त्यांनी दुसरा घास घेतला.

“काय लागलं?”

“शाळेमागचं जांभळाचं झाड आठवलं. आधी जीभ जरा धरते. मग मटणाचा घास आला की सोडते. आणि तोंड परत रिकामं, नवीन घासाला तयार. सात मार्क.”

‘आधी धरते, मग सोडते.’ कालिंदीबाईंनी वहीत लिहून घेतलं. जे त्यांना स्वतःच्या तोंडात सापडलं नव्हतं, ते त्या वाक्यात त्यांना स्पष्ट दिसलं. ब ग्लासला सरांनी तीन मार्क दिले. सुताराच्या कारखान्यात बसून जेवल्यासारखं वाटतं, म्हणाले.

क ग्लासच्या वेळी त्यांचा चेहरा आक्रसला. त्यांनी पाणी मागितलं. “दोन. सुपारी चघळतोय की मटण खातोय कळत नाही. हे कुणी निवडलं?”

“मी. गेल्या वर्षी. मागे सही आहे.”

सर बाटलीकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा एक घास खाल्ला, पुन्हा घोट घेतला. बायकोच्या नावावर मार्क वाढवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्यांनी घोट तोंडात धरला, आणि कालिंदीबाई त्यांच्या गालाकडे बघत होत्या. आता ते काय करतात यावर बरंच काही होतं.

“दोनच,” विश्रामसर म्हणाले.

कालिंदीबाईंचे डोळे भरून आले. निवड बाईंची आहे हे माहीत असूनही दिलेला, तीन वर्षांतला घरचा हा पहिला खरा आकडा होता, आणि त्यांना आनंद झाला. त्यांनी तो वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली.

मंगळवारी अकराला त्यांनी यशोधनपुढे कागद ठेवला. त्याने तो दोनदा वाचला.

‘राखीव शिराझ, बॅरल नऊ. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर, मीठ बेताचं. आधी जीभ धरते, मग सोडते. निवड: कालिंदी बोरस्ते यांची वय वर्षं शेहेचाळीसची जीभ, यंत्राने जपलेली. जेवण आणि जोडी: विश्राम बोरस्ते, वय त्रेसष्ट. शब्द: कालिंदी बोरस्ते, वय अठ्ठावन्न.’

“काकू, इतकं लेबलवर मावणार नाही.”

“मग माझी सही काढ. जागा होईल.”

“वय कशाला? लोक म्हणतील बाईंची चव गेली.”

“गेलीच आहे. कुणाच्या जिभेने निवडलंय ते लोकांना कळू दे. पुढच्या वर्षी धाकटीचं वय शेहेचाळीसच लिहायचं आणि माझं एकोणसाठ. एक दिवस माझ्या वयाची जागा कोरी सोडायची. माझ्या नावाखाली माझ्यामागून कुणी बोललेलं मला चालणार नाही.” त्यांनी दुसरा कागद पुढे केला. “आणि हा मागच्या दोन वर्षांच्या राखीवसाठी. दुकानांतून जितक्या बाटल्या शिल्लक असतील त्यांच्यावर चिकटव.”

दुसऱ्या कागदावर एवढंच होतं: ‘ही निवड माझी चुकली. मटण तुमचं बरोबर होतं.’ नाशिकच्या त्या गृहस्थांना त्यांनी हेच पत्राने वेगळं कळवलं होतं.

यशोधनने मान खाली घातली, मग उठून छापखान्याला फोन लावला आणि अक्षरं बारीक करायला सांगितली. निहारिकाने पेटीवरची धूळ पुसली. कोंडाजींनी डबा उघडून मटणाचा रस्सा चाखला आणि आज जास्तीची भाकर लागणार नाही, असं जाहीर केलं.

त्या दुपारी बोरस्त्यांच्या ओट्यावर एकच पातेलं होतं. सरांनी दोघांना वाढलं. कालिंदीबाईंनी पहिला घास खाल्ला आणि त्या थांबल्या.

“अळणी?” सरांनी विचारलं.

“मला, हो. तुम्हाला?”

“मला बरोबर आहे.”

“मग बरोबरच आहे,” बाई म्हणाल्या.

विश्रामसरांनी मिठाची वाटी उचलली आणि त्यांच्या देखत त्यांच्या ताटाजवळ सरकवली.